भाजी ब्लीचमध्ये बुडवू नका: आठवडी बाजारावरच्या त्या मेसेजला उत्तर

"ठाणेकरांनो, वेळीच सावध व्हा!" अशी सुरुवात, मध्ये लाल त्रिकोणांची रांग आणि शेवटी "डॉक्टर मित्राकडून आलेली माहिती, किमान दहा जणांना पाठवा." तुमच्याही सोसायटीच्या ग्रुपवर एव्हाना आला असेल. मजकूर थोडक्यात असा: शेतकरी आठवडी बाजार हे थोतांड आहे, तिथे सगळा वाशीच्या घाऊक बाजाराचाच माल असतो. रानभाज्या म्हणजे विषारी तण. पालेभाज्या रेल्वे रुळांलगतच्या नाल्यावर पिकतात. भेंडीला रंग, फळं पिकवायला कार्बाइड. आपले पूर्वज पावसाळ्यात पालेभाजीला शिवतसुद्धा नसत. म्हणून मॉलमधली पॅकबंद भाजीच घ्यावी, आणि बाहेरची घरात आलीच तर बादलीभर पाण्यात एक कप ब्लीच व अर्धा कप व्हिनेगर घालून त्यात अर्धा तास बुडवून ठेवावी.

असले मेसेज मी वाचत नाही, पुसून टाकते. पण कोपरीला राहणाऱ्या माझ्या मावशीने हा वाचला आणि शब्दशः पाळला. बाहेर पाऊस, स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद, ओट्याखाली बादली. तिचा फोन आला तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. "अगं, डोळे चुरचुरतायत, खोकला थांबत नाहीये. मेथी धुवायला घेतली होती फक्त." तिला आधी त्या खोलीतून बाहेर यायला सांगितलं, नंतर बाकीचं विचारलं. आता ती बरी आहे. मी अजून रागात आहे.

म्हणून शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचे मुद्दे चुकले तर फार तर एखादी जुडी कमी विकली जाईल. हा चुकला तर माणूस दवाखान्यात जाईल.

घरातलं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात व्हिनेगर, लिंबू, संडास साफ करायचं अ‍ॅसिड, काहीही आंबट पडलं की क्लोरीन वायू सुटतो. शाळेच्या रसायनशास्त्रातली गोष्ट आहे ही. बंद स्वयंपाकघरात डोळे, घसा आणि फुप्फुसं यांना त्रास व्हायला तो थोडासाही पुरतो. दमेकरी माणूस असेल तर विचारूच नका. हा मेसेज लिहिणाऱ्याने दोन "जंतुनाशक" गोष्टी एकत्र केल्या की दुप्पट फायदा, एवढाच हिशोब केलेला दिसतो. कुणी हे केलंच असेल तर आधी खोलीबाहेर या, जाता जाता खिडकी उघडता आली तर उघडा, बादलीवर वाकून ती उचलायला जाऊ नका, आणि दम लागत असेल तर थेट डॉक्टर गाठा. खऱ्या डॉक्टरकडे, "डॉक्टर मित्रा"कडे नको.

आता व्हिनेगर सोडा, नुसत्या ब्लीचचं बघू. कोरोनाच्या पहिल्या वर्षी लोक भाज्यांना साबण लावत होते, तेव्हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, सांगितलं होतं की फळं-भाज्यांवर जंतुनाशक, साबण वगैरे वापरू नका, पिण्याच्या स्वच्छ पाण्याने धुवा. त्याच सूचनेत क्लोरीनचा उल्लेख आहे तो ५० पीपीएमचा, म्हणजे दहा लाख भागांत ५० भाग. मेसेजचं माप लावून बघा. समजा बाटलीतलं ब्लीच ४ टक्क्यांचं आहे आणि कप २०० मिलिलीटरचा. दहा लिटरच्या बादलीत होतात साधारण ८०० पीपीएम. सोळा पट. आणि त्यात अर्धा तास मेथी. ते पाणी पानांच्या बेचक्यात साचून राहतं, आणि संध्याकाळी तीच भाजी ताटात येते.

"पण मग औषध फवारलेलं कसं जाणार?" मावशीने विचारलं, आणि हा प्रश्न रास्त आहे. भाजीवर कीटकनाशकांचे अंश असतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली नेमकं हेच तपासलं होतं. सफरचंदांवर थायाबेंडाझोल आणि फॉस्मेट ही दोन रसायनं लावली आणि ती नळाच्या पाण्याने, ब्लीचच्या द्रावणाने आणि खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन पाहिली. सोडा जिंकला. एकातलं सुमारे ८० टक्के रसायन १२ मिनिटांत निघालं, दुसऱ्यातलं ९६ टक्के १५ मिनिटांत. प्रमाण होतं लिटरला १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन चहाचे चमचे. ब्लीच त्या स्पर्धेत मागे पडलं होतं, हे पुन्हा वाचा. प्रयोग सफरचंदावरचा आहे, मेथीवरचा नाही, आणि सालीच्या आत शिरलेलं रसायन सोड्यानेही निघालं नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. तरीही पाच रुपयांच्या सोड्याने जे होतं त्यासाठी घरात क्लोरीन कशाला करायचा?

पालेभाजीचं तर आणखी सोपं. जुडी सोडायची, मुळं कापायची, निवडून झाली की मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन खळबळायची, माती तळाला बसली की पाणी बदलायचं, शेवटी नळाखाली धरायची. अळ्या असतील तर मिठाच्या पाण्यात थोडा वेळ. आपल्या आया हेच करत होत्या, मात्र त्यांना ते कुणी लाल त्रिकोण लावून सांगितलं नव्हतं.

दुसरा राग रानभाज्यांवरचा. "विषारी तण" म्हणे. टाकळा, फोडशी, कुर्डू, भारंगी, कवळा, शेवळं, करटोली ही नावं ज्याने कधी ताटात पाहिली नाहीत, त्याच्या तोंडून हे येतं. मुरबाड, शहापूर, कर्जतकडच्या ठाकूर, कातकरी, वारली बाया पहाटेची लोकल धरून ठाण्यात येतात. जांभळी नाका, गावदेवी, स्टेशनचा परिसर, जिथे कुणी बसू देईल तिथे बसतात. आठवडी बाजारात एखादी जागा मिळाली तर चांगलंच. शेवळं पहिल्या पावसाआगेमागे येतात आणि बघता बघता संपतात. टाकळा कोवळा असतो तोवरच गोड. एवढ्या छोट्या हंगामात एक मेसेज फिरला की तिची टोपली तशीच परत जाते, आणि पालेभाजी काही दुसऱ्या दिवशी विकता येत नाही.

यात अर्धं खरं आहे ते मान्य करते, जिवावर येतं पण करते. शेवळं खाजतात. अळूही खाजतो. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणूनच शेवळात काकडं ही आंबट फळं घालतात, नसतील तर चिंच किंवा आमसूल. नीट शिजवतात, आतला नको तो भाग काढून टाकतात. हे विकणारीच सांगते, न विचारता सांगते. आणि रानात विषारी वनस्पती आहेतच: कळलावी आहे, धोतरा आहे, अळंबीत तर खाण्याची आणि जिवावर बेतणारी यांत फरक करणं भल्याभल्यांना जमत नाही. येऊरला फिरायला गेलात आणि हिरवं दिसलं म्हणून खुडून आणलं, असं करू नका. पण ओळख नसलेल्याने खुडणं वेगळं आणि जिच्या आजीपासून ही भाजी घरात शिजते तिच्याकडून घेणं वेगळं. राज्याचा कृषी विभाग २०२० पासून आदिवासी दिनाच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. विषाचा महोत्सव भरवतोय का तो?

रुळांलगतचा मुद्दा. हा मात्र हवेतून आलेला नाही. लोकलच्या दारात उभं राहिलेल्या प्रत्येकाने ते पालक-माठाचे वाफे पाहिलेत आणि त्यांना पाणी कुठून मिळतं तेही पाहिलंय. रेल्वेनेच "ग्रो मोअर फूड" योजनेखाली आपल्या कर्मचाऱ्यांना रुळांलगतच्या पट्ट्या दिल्या होत्या. सांडपाण्यावरच्या पालेभाजीत जंतू असतात आणि शिसं, कॅडमियमसारखे जड धातूही येऊ शकतात. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण मग पुढचं बघा: मुळातून शोषलेला धातू पानाच्या आत असतो. तो ब्लीचने जात नाही, सोड्याने जात नाही, कशानेच धुऊन निघत नाही. म्हणजे मेसेजचा हा मुद्दा खरा मानला तर त्याचा स्वतःचाच उपाय फुकट जातो. राहता राहिलं, ही भाजी येते कुठे? ती हातगाडीवर येऊ शकते, कोपऱ्यावरच्या दुकानात येऊ शकते. जुन्नर-आंबेगावहून, नाशिककडून रात्रीत टेम्पो भरून येणाऱ्या शेतकरी गटाला कळवा-मुंब्र्याच्या रुळांवरचा माठ विकत घ्यायचं काय कारण? संशय असेल तर विचारा: गाव कुठलं, पाणी विहिरीचं की धरणाचं. उत्तर देताना चाचरला तर पुढच्या टेबलाकडे जा.

"सगळा वाशीचाच माल." सगळा नाही, थोडा असू शकतो. २०१६ साली राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. तोवर शेतकऱ्याने माल समितीच्या आवारातच आणावा अशी व्यवस्था होती, वर अडत, म्हणजे दलाली, तीही त्याच्याकडूनच कापली जायची. त्याच वर्षी पणन मंडळामार्फत संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार शहरांत सुरू झाले. बाजारात टेबल लावणारा बहुतेकदा गटाचा माणूस असतो. त्याच्या पुढ्यातली प्रत्येक भाजी त्याच्या स्वतःच्या रानातली नसते, गावातल्या चार-सहा जणांची असते. आणि हो, लिंबू-आलं कमी पडलं की वाशीहून भर घालणारेही आहेत. काही तर निव्वळ व्यापारी आहेत, ते शेतकऱ्याची टोपी घालून बसतात. ओळखायला फार हुशारी लागत नाही. ज्याच्या टेबलावर किवी, सफरचंद आणि ऑगस्टमध्ये "हापूस" आहे, तो जुन्नरचा शेतकरी नाही. श्रावणात ज्याच्याकडे पडवळ, शिराळी, घोसाळी, काकडी, अळू, मक्याची कणसं आहेत आणि हरभऱ्याचे घाटे मागितल्यावर जो "ते आता कुठे, थंडीत या" म्हणतो, त्याच्याशी बोलत राहा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून कुठलाही पांढरा कांदा अलिबागचा म्हणून गळ्यात मारणारे वाढलेत, हे मात्र मी स्वतः बघते आहे.

आणि एक विचारू का? वाशीचा माल असला तरी काय झालं? १९९६ मध्ये भायखळ्याचा भाजीबाजार वाशीला गेला, तेव्हापासून अख्खी मुंबई तिथलंच खाते आहे. तोही शेतकऱ्यानेच पिकवलेला आहे. पैसे शेतकऱ्याला किती पोचतात, हा त्यातला खरा प्रश्न. मेसेजला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

रंग आणि कार्बाइड पटकन संपवते. भेंडी, मिरचीला मॅलाकाइट ग्रीन हा हिरवा रंग लावण्याचे प्रकार होतात. एफएसएसएआयने घरी करायची चाचणीच दिली आहे: लिक्विड पॅराफिनमध्ये भिजवलेला कापूस भाजीवर घासा, हिरवा झाला तर टाकून द्या. कार्बाइडवर २०११ च्या नियमांनुसार बंदी आहे, तरी ते चोरून वापरलं जातं, हेही खरं. पण पेटीत पुडी दिसली की कार्बाइडच, असं नसतं. इथिलीन वायूने फळं पिकवायला १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे आणि फळाला थेट न लागणारी इथिलीनची पुडीही चालते. या दोन्ही भानगडी दुकानात, मॉलमध्ये, कुठेही होऊ शकतात. आठवडी बाजाराचा त्यात वेगळा गुन्हा काय ते मेसेजमध्ये नाही.

मॉलच्या पॅकबंद पालकावर प्लॅस्टिक असतं. शेत कुठलं, पाणी कुठलं, हे त्या प्लॅस्टिकला विचारता येत नाही. या मुद्द्यावर एवढंच.

राहिले पूर्वज. पावसाळ्यात पाल्याला चिखल लागतो, अळ्या होतात, जुडी लवकर सडते, म्हणून जुनी माणसं जपून खात, चातुर्मासात काहीजण वर्ज्यही करत. पण "शिवतसुद्धा नसत"? मग भाद्रपदात ऋषिपंचमीला घरोघर शिजते ती ऋषीची भाजी कशाची असते? बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, म्हणून परसातलं, आपसूक उगवलेलं शोधून आणतात: अळू, लाल माठ, भोपळा, पडवळ, शिराळी, सुरण, मका. ऐन पावसाळ्यात, उपासाच्या दिवशी, पाल्यासकट. मेसेज पाठवणाऱ्या काकांच्या घरीही होत असणार. यंदा ती भाजी आणायला बाजारात गेलात तर अळू घेताना एकच विचारा: भाजीचा आहे का वडीचा, आणि खाजरा तर नाही ना. जी टोपली घेऊन बसली आहे ती नीट सांगेल. आणि घरी आल्यावर बादलीत पाणी घ्या, नुसतं पाणी.