तो हॅटवाला पिकासो पिकासोने काढलेला नाहीये

ते चित्र परत फिरायला लागलंय. कोळशात काढलेला हॅटवाला तरुण, मागे पॅरिसचं माँमार्त्र, आणि खाली मजकूर असा की पिकासोने अठराव्या वर्षी काढलेलं हे स्वतःचं चित्र, तो कोणाकडेही शिकला नव्हता, पहिल्याच प्रदर्शनात सगळी चित्रं हातोहात खपली आणि बार्सेलोनाचे जुने चित्रकार जळून खाक झाले. वर "डिग्रीपेक्षा टॅलेंट मोठं" आणि हात जोडलेले इमोजी. चार दावे आहेत आणि चारही गंडलेले आहेत, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

पहिलं म्हणजे ते चित्र रामोन कासासचं आहे, बार्सेलोनाचा तेव्हाचा नावाजलेला चित्रकार. चित्रात पिकासो आहे हे खरं, पण काढलंय कासासने. साधारण १९०० च्या सुमाराचं, आज बार्सेलोनाला कातालुन्याच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. जून १९०१ मध्ये 'पेल इ प्लोमा' नावाच्या मासिकात कलासमीक्षक मिकेल उत्रियोने पिकासोवर लेख लिहिला तेव्हा त्याच्यासोबत हेच छापलं होतं. यात गूढ वगैरे काहीच नाही, म्युझियमच्या साइटवर दोन मिनिटांत सापडतं.

"कोणाकडेही शिकला नाही" हे तर कमालच आहे. अहो, बापच ड्रॉइंगचा मास्तर! होसे रुईझ ब्लास्को. ला कोरुन्याला बाप शिकवायचा त्याच शाळेत पोरगा प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून कोळशाने शेडिंग घोटत बसायचा (मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको), मग १८९५ ला बार्सेलोनाची ला योत्जा ही कलाशाळा, १८९७ ला माद्रिदची सान फेर्नांदो अकादमी, आता तिथे तो वर्गात फारसा टिकला नाही ही गोष्ट वेगळी. १८९७ च्या 'विज्ञान आणि परोपकार' या मोठ्या चित्रात आजारी बाईची नाडी बघणारा जो डॉक्टर आहे ना, त्याच्यासाठी बापच मॉडेल म्हणून बसला होता.

आणि कोळशातली व्यक्तिचित्रं म्हणाल तर तिथे कासासला वगळून बोलताच येत नाही. कासासने ऑक्टोबर १८९९ मध्ये बार्सेलोनाच्या साला पारेस गॅलरीत शंभरावर कोळशाची पोर्ट्रेट्स लावली, लेखक, संगीतकार, चित्रकार, शहरातली झाडून सगळी नावाजलेली माणसं. त्याची पद्धत बघा: माणूस बहुतेक वेळा उभा, चेहरा नीट घोटून काढलेला, डोळे-मिशी एकदम जिवंत, आणि खाली कोट, पँट, बूट मोजक्या रेघांत उरकलेले, मागचा कागद बऱ्याचदा कोराच, कुठेतरी रंगाचा जरासा हात. दिसायला सोपं वाटतं पण कुठे थांबायचं हे कळायला हात तयार लागतो. हे बघून काही महिन्यांत, फेब्रुवारी १९०० मध्ये, १८ वर्षांच्या पिकासोने 'एल्स क्वात्रे गात्स' या बिअरच्या अड्ड्यावर आपल्या दोस्तांची कोळशातली पोर्ट्रेट्स लावली. म्हणजे कल्पना सरळसरळ कासासची, फक्त कासासकडे शहरातले बडे लोक आणि याच्याकडे खिसा रिकामा असलेले मित्र. मित्रांनाही तेच हवं होतं, कासाससमोर आपला गडी उभा करायचा.

पण नक्कल नाही हं. पिकासोची बाह्यरेघ जाड, काळी, आणि मागे बऱ्याचदा पातळ रंगाचा हात (वॉश). त्याचा मित्र जौमे साबार्तेसचं 'अवनत कवी' बघा, अंगावर काळा झगा, डोक्यावर फुलांचा मुकुट, हातात एक फूल, मागे स्मशानातले क्रूस. मित्राची अशी चेष्टा कासासने त्या प्रदर्शनात कुणाची केली नसती, आणि माझ्या मते पिकासो गुरूपासून फुटून निघतो तो नेमका इथे, चेष्टेत. (हाच साबार्तेस पुढे त्याचा सेक्रेटरी झाला.)

हातोहात खपली? काहीच्या काही. फ्रेमला पैसे नव्हते म्हणून कागद भिंतीला टाचण्यांनी लावलेले, विकली गेली ती मोजकीच, तीही ज्यांची काढली होती त्यांनीच चणेफुटाण्याच्या भावात नेली. पेपरवाल्यांनी कौतुकही केलं आणि कच्चेपणावर बोटही ठेवलं.

राहिला जळण्याचा मुद्दा, आणि माझं डोकं खरं इथेच फिरतं, कारण बिचाऱ्या कासासवर हा निव्वळ अन्याय आहे. ज्या अड्ड्यावर पिकासोचं प्रदर्शन झालं त्याच्या पाठीशी असलेल्यांत कासास स्वतः होता, अड्डा चालवणाऱ्या पेरे रोमेउसोबत डबलसीट सायकल चालवतानाचं त्याचं भलंमोठं चित्र तिथे भिंतीवर होतं. वर उल्लेख केलेल्या 'पेल इ प्लोमा'चा खर्च कोण करायचं? कासास. त्याच मासिकाने जून १९०१ मध्ये साला पारेसला प्रदर्शन भरवलं, त्यात कासासची कोळशाची कामं आणि पिकासोची पेस्टल्स एकत्र, आणि कासासने काढलेलं पिकासोचं चित्र मासिकात छापून पोराची ओळख करून दिली. आणि हा "जुना चित्रकार" तेव्हा किती वर्षांचा होता माहितीये? पस्तीस.