फॅक्टर १.०९ का ठेवला

नमस्कार दादा, उत्तर द्यायला आठ दिवस लागले कारण मधे मी माझ्या पर्जन्यमापकाची टेस्ट परत पहिल्यापासून करून बघितली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की कंपनीने सेट करून दिलेल्या टिपिंग बकेट पर्जन्यमापकाचा फॅक्टर (मापकाने मोजलेल्या पावसाला ज्याने गुणायचं तो आकडा) मी १.०९ केला म्हणजे घरबसल्या नऊ टक्के पाऊस वाढवला, जुळवायचंच होतं तर तालुक्याच्या सरकारी केंद्राशी जुळवायचं, आणि तसंही जोरदार पावसात एकच फॅक्टर चालत नाही.

सरकारी केंद्राचं आधी सांगतो. ते माझ्या घरापासून सहा किलोमीटरवर, डोंगराच्या पलीकडे आहे. २६ जुलै २००५ आठवा, २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७३, एकाच मुंबईत! मापकं दोन्हीकडची नीट होती, पाऊसच वेगळा पडला होता. मग पलीकडच्या पावसावरून माझ्या बकेटचा (मापकातला दोन कप्प्यांचा झुलता भाग, एक कप्पा भरला की तो उलटतो आणि एक टिप मोजली जाते) दोष कसा काढणार? ती तपासायची तर मोजून घेतलेल्या पाण्यानेच.

आता मी काय केलं ते. नरसाळ्याच्या आत कोळ्याने जाळं केलेलं, ते काढलं, जाळी धुतली, मग पाणसळ लावून बूड सपाट केलं कारण मापक तिरकं असलं की एक कप्पा जास्त भरून उलटतो आणि दुसरा कमी भरूनच. नरसाळ्याचा आतला व्यास २० सेमी, म्हणजे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेमी, म्हणजे १० मिमी पावसाला ३१४ मिली पाणी. माझ्या मापकात एक टिप ०.२ मिमीची, म्हणून बरोबर ५० टिपा यायला हव्यात. ३१४ ग्रॅम पाणी किचनच्या वजनकाट्यावर मोजून घेतलं आणि मेडिकलमधून आणलेल्या सलाईनच्या सेटने तासभर थेंब थेंब सोडलं. तीन वेळा केलं, ४६, ४५, ४६ आल्या, आणि या आठवड्यात परत ४६. शेवटी कप्प्यात थोडं पाणी उरतं त्यामुळे एखाद्या टिपेचा फरक पडणारच, पण दर वेळी चार-पाच टिपा कमी येणं त्यात बसत नाही. कंपनीने पाठवताना माप बरोबर असेलही, पण हे यंत्र तीन पावसाळे बाहेर उभं आहे. पाऊस मी वाढवलेला नाही, जो पडून मोजला जात नव्हता तो आता मोजला जातोय.

जोरदार पावसाचं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर, आणि ते मी लिहायलाच हवं होतं. तेच ३१४ मिली यावेळी सहा मिनिटांत सोडलं, म्हणजे तासाला १०० मिमीचा वेग, तर टिपा आल्या फक्त ४२. बकेट उलटत असताना वरून येणारं पाणी भरलेल्या कप्प्यातच पडत राहतं, ते मोजलं जात नाही, आणि पाऊस जेवढा जोराचा तेवढं ते जास्त. १.०९ ने हे भरून निघत नाही. आपल्या कोकणात जुलैत असा पाऊस काही नवलाचा नाही, त्यामुळे फॅक्टर बदलल्यावर मी लिहिलेलं 'आता आकडे अचूक झाले' हे वाक्य चुकीचं होतं, ते मी काढलंय. शेजारी हाताने मोजायचं साधं मापक लावलंय, रोज सकाळी साडेआठला वाचतो आणि दिवसाचा एकूण पाऊस तिथला धरतो. टिपिंग बकेटवरून फक्त पाऊस कधी आणि किती वेगाने पडला ते बघायचं.

जुन्या नोंदींना हात लावलेला नाही, फॅक्टर बदलल्याची तारीख तक्त्यात आहे. तुमच्याकडेही स्टेशन आहे म्हणालात ना, तर नरसाळ्याचा आतला व्यास आणि एका टिपेचं माप कळवा, किती पाणी घ्यायचं ते लगेच काढून देतो.