‘एनसीबी प्रोटेक्टचे पैसे पाण्यात गेले’ या अभिप्रायास आमचे उत्तर

नमस्कार. आपण लिहिले आहे की, आमच्या सांगण्यावरून आपण तीन वर्षे गाडीच्या पॉलिसीवर ‘एनसीबी प्रोटेक्ट’ (क्लेम केला तरी नो क्लेम बोनस राखणारे जादा कवच, म्हणजे ॲड-ऑन) घेतले, या पावसाळ्यात मागचा बंपर आणि टेललॅम्प फुटल्यावर पहिल्यांदाच क्लेम केला आणि तरीही नूतनीकरणाचा प्रीमियम वाढूनच आला. म्हणजे आम्ही केवळ कमिशन पाहिले, असे आपले म्हणणे आहे. मी आपली फाइल स्वतः काढून पाहिली. पॉलिसी देताना आमच्या सहकाऱ्याने आपल्याला व्हॉट्सॲपवर ‘क्लेम केला तरी प्रीमियम वाढणार नाही’ असे कळवले होते. ते वाक्य चुकीचे होते. त्याबद्दल कार्यालयाचा मालक या नात्याने मी आपली मनापासून माफी मागतो.

हे ॲड-ऑन प्रीमियम नव्हे, तर बोनसचा टक्का राखते. आपला ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केलेल्या वर्षांबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) नव्या कोटेशनमध्येही ५० टक्केच आहे, तो एका टक्क्यानेही घटलेला नाही. मात्र हा बोनस फक्त ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, भागावर मिळतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे इतरांच्या नुकसानीच्या विम्याचा, दर सरकार ठरवते आणि त्याला बोनस लागू होत नाही. २००७ पासून ओन डॅमेजचे दर कंपन्या स्वतः ठरवतात, त्यामुळे बोनस लावण्यापूर्वी मूळ दरावर कंपनी जी स्वतःची सवलत देते, ती क्लेमनंतर कमी करण्याची तिला मुभा असते. आपल्या बाबतीत वाढ तिथूनच आली आहे, आणि ही शक्यता आपल्याला आधी सांगणे हे आमचे काम होते.

ॲड-ऑन घेण्याजोगे आहे का, हा आपला मूळ प्रश्न रास्त आहे. आपले आकडे चारचौघांत मांडणे योग्य नाही, म्हणून बोनसपूर्वीचा ओन डॅमेज प्रीमियम १२,००० रुपये आहे आणि तो पुढेही तेवढाच राहतो, असे धरू. ५० टक्के बोनस असलेल्याने ॲड-ऑनशिवाय क्लेम केला, तर बोनस शून्यावर येतो आणि पुढे २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत पाच वर्षांनी पुन्हा ५० वर पोहोचतो. दरवर्षीचा फरक मांडला तर ६,०००, ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६००, म्हणजे एकूण १५,००० रुपये जादा जातात. ज्याचा बोनस अजून २० टक्क्यांवरच आहे, त्याचे हेच नुकसान याच हिशेबाने ६,००० रुपयांच्या आसपास भरते. म्हणून पहिल्या एक-दोन वर्षांत हे ॲड-ऑन घेण्याचा आग्रह मी धरत नाही. ४५-५० टक्क्यांवर पोहोचलेल्या आणि रोज वर्दळीत गाडी चालवणाऱ्या ग्राहकाला मात्र ते घ्या असेच सांगतो, आणि आपण त्यांपैकीच आहात.

आमची दुसरी चूक आपल्या अभिप्रायात आलेली नाही, पण मला ती अधिक खुपते. एका वर्षात किती क्लेमपर्यंत बोनस शाबूत राहील, याला मर्यादा असते; ती कंपनीनुसार बदलते आणि बऱ्याचदा एक-दोन क्लेमचीच असते. आपल्या पॉलिसीवर झीरो डेप (बदललेल्या भागांवर घसारा न कापणारे ॲड-ऑन) नाही. अशा वेळी ९,००० रुपयांचे प्लास्टिकचे भाग बदलले, तर निम्मी रक्कम घसाऱ्यात जाते, वर १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांची अनिवार्य वजावट असते, आणि मंजूर होतात जेमतेम ३,५०० रुपये. एवढ्यासाठी राखीव संधी खर्च करू नका, गॅरेजचे बिल स्वतःच भरा, असे सर्व्हेअर येण्यापूर्वीच आपल्याला फोन करून सांगायला हवे होते. तो फोन आमच्याकडून गेला नाही.

ॲड-ऑनची रक्कम आमच्या कमिशनमधून वळती करून द्यावी, अशी आपली मागणी आहे. नूतनीकरणासाठी कमिशनमधून सूट देणे विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ४१ नुसार निषिद्ध आहे, त्यामुळे ते मला करता येणार नाही.

एक विनंती मात्र आहे. रागाच्या भरात लगेच कंपनी बदलू नका. अनेक कंपन्यांच्या अटींनुसार असा राखलेला बोनस त्याच कंपनीकडे नूतनीकरण केल्यासच टिकतो. नव्या कंपनीने जुन्या कंपनीकडे विचारणा केली की क्लेम दिसतोच, आणि तो लपवून बोनस घेतला असेल तर पुढचा क्लेम अडचणीत येतो. मूळ दरावरील सवलत का घटवली, याचे लेखी उत्तर मी कंपनीकडे मागितले आहे. ते आले की झीरो डेपसह आणि झीरो डेपशिवाय अशी दोन्ही कोटेशने घेऊन मी स्वतः आपल्याला भेटेन. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांपर्यंत बोनस टिकतो, पण विम्याचे संरक्षण मुदत संपताच थांबते, म्हणून ही भेट मुदतीच्या आत व्हावी.