आवाज कुणाचा बंद करायचा?

गणपती जवळ आले की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. नारायण पेठेतल्या वहिनीचं म्हणणं, डीजे, ढोल, ताशे, सगळं एकदाचं बंद करा. तिचाच मुलगा पथकात ढोल वाजवतो. तो म्हणतो, सण काय कानात बोटं घालून साजरा करायचा? मी राहतो वॉशिंग्टनला लागून असलेल्या मेरीलँडमध्ये, आणि हा वाद वाचताना मला दरवेळी या शहराच्या गो-गो संगीताचा इतिहास आठवतो.

बाहेरच्यांना वॉशिंग्टन म्हणजे व्हाइट हाउस आणि संसद. इथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांचं शहर वेगळं आहे, आणि गो-गो हा त्या शहराचा स्वतःचा फंक, म्हणजे ठेक्यावर नाचायला लावणारं संगीत. तो घडवला चक ब्राउन यांनी. लॉर्टनच्या तुरुंगात असताना त्यांनी सिगारेटींच्या बदल्यात गिटार मिळवली. सुटून आल्यावर ते लॅटिन ढंगाच्या एका बँडमध्ये वाजवत होते. काँगासारख्या तालवाद्यांची गोडी तिथली. १९६६ च्या सुमारास त्यांनी ‘सोल सर्चर्स’ हा स्वतःचा बँड काढला.

सत्तरच्या दशकात डिस्को आला आणि वाजवणाऱ्यांचं काम जाऊ लागलं. क्लबमालकाला दहा जणांच्या बँडपेक्षा एक डीजे स्वस्त पडायचा. शिवाय डीजेची एक तबकडी संपायच्या आत दुसरी सुरू व्हायची. बँडचं गाणं संपलं की मात्र नाचणारे जागेवर जाऊन बसायचे. ब्राउन यांनी यावर साधा तोडगा काढला. गाणं संपलं तरी ताल थांबवायचा नाही. ड्रम, काँगा, काउबेल चालूच ठेवायचे आणि त्या तालावर समोरच्या लोकांशी बोलायचं, त्यांच्या वस्त्यांची नावं पुकारायची, त्यांच्याकडून हाळी घ्यायची. गोंधळात मुख्य गोंधळी आणि साथीदार एकमेकांचे शब्द झेलतात तसं, फक्त इथे साथीदार म्हणजे अख्खा हॉल. १९७९ मध्ये त्यांचं ‘बस्टिन लूज’ हे गाणं बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या सोल गाण्यांच्या लोकप्रियता यादीत पहिलं आलं.

मला या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. यंत्रानं पोटावर पाय दिला तेव्हा हातानं वाजवणाऱ्यांनी त्याला वाजवूनच उत्तर दिलं. मग ट्रबल फंक, रेअर इसेन्स असे गो-गो बँड आले. बॅरी फार्म या सरकारी घरांच्या वस्तीतल्या मुलांनी वाद्यं परवडत नाहीत म्हणून बादल्या आणि डबे बडवत ‘जंकयार्ड बँड’ उभा केला. कार्यक्रमात थेट ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेटी हातोहात फिरायच्या.

ऐंशीच्या दशकात क्रॅक कोकेननं वस्त्या पोखरल्या, गोळीबार वाढले, आणि त्याचं खापर गो-गोच्या कार्यक्रमांवरही फुटलं. पुढे घरभाडी चढली. १९७० मध्ये शहरातले सत्तर टक्क्यांहून जास्त लोक कृष्णवर्णीय होते. २०२० च्या जनगणनेत ते ४१ टक्क्यांच्या आसपास उरले.

२०१९ च्या एप्रिलमध्ये हा सगळा साठलेला राग एका चौकात बाहेर पडला. शॉ भागातल्या एका मोबाइलच्या दुकानाबाहेरच्या स्पीकरवर वर्षानुवर्षं गो-गो लागत असे. जवळच्या नव्या, महागड्या इमारतीतून तक्रार गेली आणि स्पीकर बंद झाला. लोक रस्त्यावर उतरले, बँड चौकात येऊन वाजवू लागले, अर्जावर हजारो सह्या झाल्या, आणि थोड्याच दिवसांत संगीत परत सुरू झालं. २०२० मध्ये गो-गोला शहराचं अधिकृत संगीत ठरवणाऱ्या कायद्यावर महापौरांनी सही केली.

हे वाचून पुतण्याला वाटेल की काका आपल्या बाजूनं आहे. पूर्ण नाही. त्या चौकात बळ तक्रार करणाऱ्याकडे होतं. लक्ष्मी रस्त्यावर उलट आहे. तिथे स्पीकरच्या भिंतीमागे मंडळ असतं, मंडळामागे नगरसेवक, आणि आजारी सासऱ्यांची खोली हादरते म्हणून पोलिसांना फोन करणारी वहिनी एकटी असते. कायदा तिच्या बाजूनं आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालापासून लागू आहे. पाळणारं कुणी नाही.

पण वहिनीचं ‘सगळंच बंद करा’ मला त्याहून जास्त खुपतं. डीजेनं कानांना त्रास दिला, तसंच हलगीवाल्यांच्या, सनईवाल्यांच्या, बँजो पार्ट्यांच्या सुपाऱ्याही खाल्ल्या. ज्यांचं काम गेलं त्यांनाच डीजेसोबत एका दोरीत बांधून बंदी घालणं अन्यायाचं आहे. २०२४ मध्ये हरित लवादानं पुण्यातल्या पथकात तीसच वादक असावेत असं ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, ते बरंच झालं. माणसं मोजून काय होणार? वेळ मोजा, आवाज मोजा. नदीपात्रातला सराव रात्री किती वाजता संपतो ते बघा. तिथे वहिनीची तक्रार शंभर टक्के खरी आहे, आणि पथकांनी ती ऐकलीच पाहिजे.

२०२५ मध्ये सरकारनं सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. इथलं पाहून मला अशा दर्जांचं फार कौतुक वाटत नाही. गो-गोला कायद्याचा मान मिळाला तोवर त्याचे कितीतरी श्रोते माझ्याच काउंटीच्या आसपास, शहराच्या हद्दीबाहेर राहायला आले होते. वाजवणाऱ्याला जागा, वेळ आणि मोबदला मिळाला तरच मानाला अर्थ. म्हणून मिरवणुकीच्या परवानगीच्या अर्जात एक रकाना वाढवावा: हातानं वाजवणारे कोण येणार आहेत आणि त्यांना किती बिदागी ठरली आहे. तो कोरा ठेवणाऱ्या मंडळाला वर्गणीदारांनी यंदा पावती फाडण्याआधी हाच प्रश्न विचारावा.