मोहरीची उशी परत पाठवली

आज दुपारी साडेबाराला माझ्या पाळणाघरातलं एक बाळ काढून नेलं. साडेचार महिन्यांचं, यायला लागून चौथा दिवस. कारण? मी त्याला उशी देत नाही. आजी स्वतः आल्या होत्या, सुनेला हाफ डे टाकायला लावला होता, आणि चपला न काढता दारातूनच मला ऐकवलं, "काकू, चार दिवसांत डोकं चपटं करून ठेवलंत आमच्या बाळाचं."

चार दिवसांत. डोकं आहे की थालीपीठ?

हे तोंडावर नाही बोलले. तोंडावर म्हटलं, "आजी, आत या, पाणी तरी घ्या." त्या आल्या नाहीत. आता रात्रीचे साडेनऊ झालेत, ओटा आवरलाय, हे मॅच बघतायत आणि माझं डोकं अजून तापलेलंच आहे. म्हणून इथे लिहितेय. माझ्या यादीतल्या निम्म्या बायकांची मुलं माझ्याच गादीवर झोपून मोठी झालीत, तेव्हा तुम्हाला फार समजावत बसायला नको.

सोमवारी ते बाळ आलं तेव्हा पिशवीतून काय काय निघालं ऐका. मोहरीची उशी. बारशाला आलेल्या त्या सेटमधले दोन मऊमऊ लोड. लोकरीचं टोपरं, कुंची, आजींच्या हातची गोधडी (सुंदर होती, जुन्या इरकली साड्यांची, खोटं का बोलू). गळ्यात काळा दोरा आणि त्यात ताईत. आणि एका डबीत जायफळ, सोबत छोटी सहाण. "दुपारी झोपला नाही तर दोन वेढे द्या."

मी लंगोट, झबली आणि दुधाच्या बाटल्या ठेवून घेतल्या. बाकी सगळं त्याच पिशवीत भरून परत. दोरा तेवढा म्हटलं गळ्यातला काढून कमरेला बांधा, करगोट्यासारखा, दृष्ट तिथूनही टळते. हसत हसत म्हटलं होतं. त्यांना ते लागलं बहुतेक.

माझ्याकडे झोपायची पद्धत एकच. जमिनीवर कापसाची गादी, दरवर्षी पिंजून घेतलेली, हाताने दाबली तर खळगा पडत नाही अशी. तिच्यावर चादर, चारी बाजूंनी खाली खोचून ताणलेली. त्यावर बाळ, उताणं. बस. उशी नाही, लोड नाही, पांघरूण नाही, शेजारी टेडी नाही. पावसाळ्यात पूर्ण बाह्यांचं झबलं आणि पायमोजे. मान ओलसर लागली तर एक कपडा कमी. डासांसाठी खिडक्यांना जाळ्या आहेत, कॉइल मी घरात येऊ देत नाही. बाळ स्वतःहून दोन्ही बाजूंना वळायला लागलं की मग ते आपलं आपण पालथं झालं तर होऊ दे, पण मी ठेवताना उताणंच ठेवणार.

यावर सगळ्यांचं एकच पालुपद: "आमची मुलं नाही का वाढली?"

वाढली हो. माझीही वाढली. साडीच्या झोळीत, पालथी, डोक्याखाली मोहरीची उशी. पण हे म्हणणाऱ्यांत ज्यांचं बाळ वाढलं नाही ती बाई नसते. ती गप्प असते. आपल्या आयांच्या पिढीत प्रत्येक वाड्यात एक तरी "रात्री झोपलं ते सकाळी उठलंच नाही" असं बाळ होतं. नजर लागली म्हणायचे, नाहीतर बाहेरचं काहीतरी म्हणायचे, आणि त्या बाईला परत कुणी काही विचारत नसे.

मला हे पुस्तक वाचून कळलेलं नाही. 2009 साली, जुलैमध्येच, कळलं.

पाळणाघर सुरू करून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सोसायटीचं ना हरकत पत्र घेतलं, दारावर पाटी लावली, झालं पाळणाघर. मूल कसं झोपवता हे मला एकाही माणसाने विचारलं नाही. साडेतीन महिन्यांचा एक मुलगा यायला लागला होता. तेव्हा रजाच बारा आठवड्यांची होती, सव्वीस झाली ती 2017 ला. त्याचा दुसराच दिवस. बाहेर मुसळधार पाऊस, लाइट गेलेली, मी त्याला आमच्या पलंगावर झोपवला. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पडू नये म्हणून उशा लावल्या, वर दुलई घातली. आणि मोठ्या मुलांसाठी खिचडी टाकायला आत गेले. कुकरच्या तीन शिट्ट्या, तेवढाच वेळ.

परत आले तर मूल दिसेना. दुलई होती, उशी होती, मूल नव्हतं. ते उशी आणि भिंतीच्या फटीत सरकलं होतं, तोंड उशीत, वर दुलई. उचललं तर मान लुळी, ओठ जांभळट, सगळं अंग घामाने थबथबलेलं. मी पाठीवर थापटलं, पाय चोळले, काय काय केलं आठवत नाही. मग तो रडला. त्यानंतर मी सोळा वर्षांत कुठल्याही बाळाच्या रडण्याला वैतागलेली नाही.

असो. तर आजींची उशी.

मोहरीची उशी डोकं गोल होण्यासाठी. उताणं झोपून डोकं मागून थोडं चपटं होतं, बरं, मान्य. जागं असताना पालथं घाला ना मग! मी घालते, दिवसातून तीन-चार वेळा, समोर खुळखुळा घेऊन बसून. बसायला लागलं, मान धरली की बरंचसं आपोआप गोल होतं. पण उशीवर मान पुढे वाकते, हनुवटी छातीला टेकते. एवढ्याशा बाळाचा श्वासाचा रस्ता केवढा, तो तिथे दुमडतो. झोळीतही तेच, त्या तिरप्या बाउन्सरमध्येही तेच. बाळ त्यात शांत दिसतं म्हणून आपण खूश.

आणि पालथं घातलं की बाळ गाढ झोपतं, हेही खरं. मी कुठे नाही म्हणते? पण गाढ झोपलेल्या बाळाचं नाक दबलं तर जाग यायला हवी की नको?

माझी धाकटी नणंद कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला असते, तीही घरातच डेकेअर चालवते. तिचं मात्र लायसनचं. तिला मी माझी हकिगत सांगितली ती एकदाच, इकडे आली होती तेव्हा, गच्चीत. ती म्हणाली, वहिनी, आमच्याकडे याचे नियम लेखी आहेत. वर्षाचं होईपर्यंत बाळ उताणंच ठेवायचं. पाळण्यात ताणून बसवलेली चादर सोडून काही नाही. दुपट्यात करकचून गुंडाळायचं नाही. प्रत्येक बाळाच्या झोपेचा वेगळा फॉर्म, आईबापांची सही. आणि दोन वर्षांपर्यंतचं कुठलंही मूल झोपलेलं असेल तर दर पंधरा मिनिटांनी जवळ जाऊन बघायचं आणि कागदावर टिपायचं. तपासायला लोक येतात ते न सांगता येतात. पाळण्याला लावायचे ते मऊ बंपर तर तिकडे 2022 मध्ये कायद्यानेच बंद केले, आणि आपल्याकडे तेच लोड बारशाला रिबीन बांधून देतात.

अमेरिकेत पूर्वी पालथंच झोपवायचे म्हणे, डॉक्टरच सांगायचे. 1994 मध्ये उताणं झोपवा अशी सरकारी मोहीम निघाली आणि पुढच्या काही वर्षांत असं अचानक झोपेत जाणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्यावर आलं. तरी अजून वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास बाळं झोपेतच जातात. तिने आणखी एक सांगितलं ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. डेकेअरमध्ये अशी जी बाळं गेली, त्यातली एक तृतीयांश तिथे यायला लागल्यावर पहिल्या आठवड्यातच गेली होती. घरी उताणं झोपायची सवय, आणि नव्या जागी कुणीतरी शांत व्हावं म्हणून पालथं घातलं.

पहिला आठवडा. माझ्याकडचा तो मुलगा दुसऱ्या दिवशीचा होता. आजचं बाळ चौथ्या.

तेव्हापासून मी वही घातली. दोनशे पानी, रेघांची. वर तारीख, बाजूला मुलांची नावं, दर पंधरा मिनिटांनी एक बरोबरची खूण. छातीवर नजर, ओठांचा रंग, मान गरम आहे का. मदतीला येते त्या मुलीलाही शिकवलंय, ती सुरुवातीला हसायची. सतरा वह्या झाल्यात, माळ्यावर आहेत. आजपर्यंत एकाही पालकाने एकही वही मागितलेली नाही.

आता मला खरा राग कशाचा येतो ते सांगते. तुम्ही पाळणाघर बघायला येता तेव्हा काय विचारता? कॅमेरा आहे का. 2016 ला खारघरचा तो व्हिडिओ टीव्हीवर दिसला, एवढ्याशा बाळाला मारतानाचा, तेव्हापासून पहिला प्रश्न कॅमेरा. बरोबर आहे, विचाराच. मीही बसवला. मग जेवायला काय देता, पोळी की भात. इंग्लिश बोलता का. फी किती, शनिवारी चालू का. बाबा लोक वायफायचा पासवर्ड विचारतात. पण मूल आमच्याकडे दिवसातले तीन-चार तास झोपतं ते कुठे, कशावर, आणि तेव्हा त्याच्याकडे कोण बघतं, हे सतरा वर्षांत मला दोघींनी विचारलं. दोघी नर्स होत्या.

आणि माझ्याच धंद्यातल्या बायका! दुपारी दोन वाजले की दार लावायचं, सगळ्यांना एका ओळीत झोपवायचं, कुणाला सर्दीचं औषध "जरासं" पाजायचं म्हणजे चारपर्यंत चिंता नाही. चार वर्षांच्या पोराला झोप येत नसली तरी डोळे मिटून पडून राहायची शिक्षा. अगं, त्याला दे ना एक कोडं, नाहीतर खडू, बसेल तो कोपऱ्यात. पण नाही, बाईला मालिका बघायची असते.

हे जरा जास्त झालं. दुपारी पाठ टेकावीशी मलाही वाटते. सकाळी साडेसातला पहिलं मूल येतं, सव्वाआठची लोकल पकडायची असते त्यांच्या आयांना, आणि मेगा गोंधळ असला गाड्यांचा तर शेवटचं रात्री साडेआठला जातं. पन्नास माणसांच्या ऑफिसला पाळणाघर ठेवायचा कायदा आहे, पण डोंबिवलीच्या बाईने तान्हं बाळ घेऊन त्या लोकलमध्ये चढायचं कसं? म्हणून ते माझ्यासारखीकडेच येणार. जिला कुणी शिकवत नाही, विचारत नाही, जी फक्त आपल्या अनुभवावर चालवते. आणि अनुभव म्हणजे काय, कुणाच्या तरी बाळावर घेतलेला.

लिहिता लिहिता आजींवरचा राग गेला बहुतेक. त्यांनी ती उशी स्वतः शिवली असणार, मोहरी निवडून, उन्हात वाळवून. सून कामाला जाणार, बाळ परक्या घरात, आपण काय पाठवू शकतो तर ही उशी. ती मी पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर, पिशवीत कोंबून परत दिली. शेजारी बसवून सांगायला हवं होतं. सून गप्प उभी होती. खाली उतरताना एकदा वळून बघितलं तिने. सव्वीस आठवड्यांतले आठ बाळंतपणाआधीच संपलेले, सोमवारी परत कुठे ठेवणार आहे कोण जाणे. तिला मेसेज केलाय, उद्याही आणलंस तरी चालेल म्हणून. निळी टिक आलीय, उत्तर नाही.

आणि आता राहिलेलं लिहूनच टाकते.

मघाशी मी कुकरच्या तीन शिट्ट्या म्हटलं. तीन नव्हत्या. शिट्ट्या झाल्यावर फोन वाजला होता, लँडलाइन, माझी बहीण होती कोल्हापूरहून. तिच्याशी बोलत होते. किती वेळ, देवाला माहीत. आणि संध्याकाळी त्या मुलाची आई त्याला न्यायला आली, भिजलेली, छत्री उलटी झालेली, तिने विचारलं, "त्रास नाही ना दिला, काकू?" मी म्हटलं, "नाही गं. आज जरा किरकिर करत होता, एवढंच."

एवढंच.

डॉक्टरकडे नेलं नाही, तिला नेऊ दिलं नाही, कारण सांगितलंच नाही. पाळणाघर बंद पडेल याची भीती वाटली होती. तो पाच वर्षांचा होईपर्यंत माझ्याकडे होता. चालायला, बोलायला जरा जरी उशीर झाला तरी मी रात्र रात्र जागी. काही झालं नाही, सगळं वेळेवर.

यंदा तो दहावी झाला. मे महिन्यात ती पेढे घेऊन आली होती, त्याला पाया पडायला लावलं आणि म्हणाली, "काकू, तुमच्या हाताखाली वाढला म्हणून निर्धास्त होते मी." तो दारात वाकून उभा होता, माझ्यापेक्षा हातभर उंच. मी पेढा घेतला आणि आत पाणी आणायला गेले, बराच वेळ आले नाही.

ती या यादीत आहे. माझ्या सगळ्या पोस्ट वाचते, हीसुद्धा वाचेल. वाचलीस की फोन कर गं. रात्री नऊनंतर, मुलं गेलेली असतात.