द्रोणाचार्य, चॅपल आणि जावई

तलावपाळीच्या कट्ट्यावरच्या सकाळच्या चर्चांना शिस्त लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला कुठल्याच खेळातलं काही कळत नाही. निःपक्षपातीपणाला एवढी पात्रता पुरते म्हणे.

विषय होता, प्रशिक्षकाची नीतिमत्ता. मी नियम सांगितला, मुद्द्यावर बोला, माणसावर नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवायला काय, पैसे थोडेच पडतात!

सुरुवात ग्रेग चॅपलपासून झाली. 2005 साली भारताचा प्रशिक्षक असताना त्याने गांगुलीची तक्रार करणारा ईमेल बोर्डाला धाडला आणि तो फुटला. कर्णधाराविरुद्ध प्रशिक्षकाने असं लिहावं का? चोख मुद्दा. वकीलकाका म्हणाले, "1981 मध्ये ऑस्ट्रेलियाचा कर्णधार असताना यानेच धाकट्या भावाला न्यूझीलंडविरुद्ध षटकार बसू नये म्हणून शेवटचा चेंडू सरपटी टाकायला लावला. त्याच्याकडून काय अपेक्षा करणार?" हा मुद्दा की माणूस, हे मी ठरवेपर्यंत नानांनी विचारलं, "आणि सोसायटीच्या निवडणुकीत तुम्ही काय टाकायला लावलं होतंत?"

मी शिट्टी वाजवली. (खरी शिट्टी. नातवाची आहे, त्याला अजून पत्ता नाही.)

मग केपटाऊन, 2018. ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी चेंडू सँडपेपरने घासला, त्यात त्यांचा प्रशिक्षक डॅरेन लेहमनचा हात नव्हता असं चौकशीत निघालं, तरी त्याने प्रशिक्षकपद सोडलं. नाना तळ्याकडे बघत म्हणाले, "काही माणसं दोष नसताना पद सोडतात. काही ऑडिट होऊनही सोडत नाहीत." नाव कुणाचंच घेतलं नव्हतं, म्हणजे नियमात बसत होतं. तरी आमचे खजिनदार ताडकन उठले आणि चपला शोधू लागले. खरं सांगू? टोला मुद्द्यापेक्षा नेहमीच सुबक असतो. मुद्दा आदल्या रात्री मोबाइलवर शोधलेला, टोला वर्षानुवर्षं मुरवलेला.

शेवटी मी हयात माणसांवर बंदीच घातली. महाभारतात जा म्हटलं, तिथे कुणाचे सोयरे नाहीत. 1985 पासून सरकार उत्तम प्रशिक्षकांना द्रोणाचार्य पुरस्कार देतं, त्यावर बोला.

"अहो, त्यांनी एकलव्याला एक दिवस शिकवलं नाही," नाना उसळले, "आणि फी म्हणून अंगठा घेतला! नौपाड्यात यांच्या जावयाचा क्लास आहे ना, तस्सं!"

वकीलकाका शांतपणे टोपी झटकत म्हणाले, "जावई हप्त्याने घेतो."