शेपटीचं सरसकट विधान चुकीचं आहे

घरात मांजर आणि पाळीव सरडे-पाली एकत्र ठेवण्यावरच्या तुमच्या लेखातलं ‘मांजरीने शेपटी धरली तरी घाबरू नका, तुटलेली शेपटी पुन्हा येते’ हे वाक्य कृपया बदला. लेपर्ड गेको (एक पाळीव पाल) याची येते, तीही बोजड आणि आखूड. चरबीचा साठा शेपटीतच असल्याने मधल्या काळात तो खंगतो. क्रेस्टेड गेको (दुसरी एक पाल) आणि बिअर्डेड ड्रॅगन (एक पाळीव सरडा) यांची मात्र गेली की गेली. शिवाय शेपटी हा किरकोळ भाग झाला. मांजरीच्या तोंडात पाश्चुरेला जंतू असतात. दात लागला तर वरून टाचणीएवढं भोक दिसतं, आत गळू धरतं, आणि या प्राण्यांचा पू घट्ट असल्याने आपोआप वाहून जात नाही. ओरखडा दिसला की त्याच दिवशी डॉक्टर, हळद लावून वाट बघणं नको.

‘काचेची टाकी पुरेशी’ हेही पटलं नाही. आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलाकडे बिअर्डेड ड्रॅगन आहे. दिव्याच्या उबेला आमचा बोका थंडीत थेट वरच्या जाळीवर बैठक मारतो आणि खाली ताणाने ड्रॅगनची दाढी, म्हणजे गळ्याखालची कातडी, काळी पडते. बोक्याचं पोट भरलेलं असतानाही बरं का! आता जाळीला क्लिपा आहेत आणि खोलीचं दार बंद असतं.